रेड ड्रॅगन : खुनी कोण ते आधीच कळतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही

सीरियल किलरवरच्या कादंबऱ्या मी भरपूर वाचते आणि बऱ्याच अर्ध्यात सोडते, कारण पानापानावर रक्त असतं पण भीती कुठेच नसते. थॉमस हॅरिसचं 'रेड ड्रॅगन' मात्र आता तिसऱ्यांदा वाचून झालं आणि परत तेवढंच अंगावर आलं. १९८१ चं पुस्तक आहे. हॅनिबल लेक्टर, तो माणसं खाणारा मानसोपचारतज्ज्ञ, पहिल्यांदा आला तो यातच, पण फक्त त्याच्यासाठी घेणार असाल तर आधीच सांगते, तो फार कमी पानांत आहे, कोठडीत बसलेला.

अटलांटा आणि बर्मिंगहॅममधली दोन अख्खी कुटुंबं रात्री घरातच मारली जातात, दोन्ही वेळा पौर्णिमेच्या सुमारास, आणि असे खुनी शोधायचं काम कायमचं सोडून दिलेल्या एफबीआयच्या विल ग्रॅहमला परत बोलावतात. पुढची पौर्णिमा यायच्या आत माणूस सापडायला हवा. सुरुवातीलाच ग्रॅहम त्यातल्या एका कुटुंबाच्या रिकाम्या घरात एकटा फिरतो ना, तो भाग माझ्यासाठी सगळ्यात भारी. तिथे काहीच घडत नाही, खून होऊन गेलेत, हा नुसता एकेक खोली बघत चाललाय. मृत बाईच्या अंगावर पावडरचा थोडासा अंश सापडला होता, त्यावरून त्याच्या लक्षात येतं की खुन्याने तिला हात लावायला आतून पावडर लावलेला रबरी ग्लोव्ह काढला असणार. बास, एवढंच. पण तो विचार ज्याच्या डोक्यात आला त्याला खुन्यासारखा विचार करावा लागला, आणि ग्रॅहमला स्वतःचीच भीती वाटते ती इथून.

मग खुनी आपल्याला सरळ दाखवून टाकतात, फ्रान्सिस डॉलरहाइड, फिल्म धुणाऱ्या कंपनीतला माणूस. तोंडातली टाळू दुभंगलेली घेऊन जन्मलेलं पोर, आजीच्या हाताखाली त्याचं काय झालं ते वाचताना पोटात कालवतं, पण लेखक त्याला एकदाही माफ करत नाही. रीबा नावाची अंध बाई बेशुद्ध केलेल्या वाघाला हात लावून बघते आणि हा शेजारी उभा राहून तिच्याकडे बघत असतो, तो प्रसंग इतका हळुवार आहे की आपण कोणाच्या बाजूने श्वास रोखलाय हेच कळेनासं होतं.

लॅबमधल्या तपासाची पानं मध्ये रेंगाळतात, आणि ग्रॅहमच्या बायकोला अजून जागा द्यायला हवी होती. लहान मुलांचे, पाळीव प्राण्यांचे मृत्यू आहेत, मुलाचा छळ आहे, ते सहन होत नसेल तर खरंच नका वाचू. यावर १९८६ आणि २००२ साली सिनेमे आलेत, ते बघितले असले तरी आजीवरची प्रकरणं पुस्तकातूनच वाचा, तिथे घाई करू नका.