स्टोव्हची ओढ आवरायला हाताची झडप की आपोआप हलणारी?

लाकूड जाळून घर तापवणाऱ्या स्टोव्हचा हवेचा लिव्हर पूर्ण बंद आहे, तरी आतला जाळ ऐकत नाही आणि वरच्या पत्र्यावरच्या तापमापकाचा काटा ३५० अंशांच्या पुढे सरकतोच आहे. हे ज्यांच्या घरी घडतं त्यांच्यापुढे फिरून फिरून दोनच पर्याय येतात: धूरनळीत हाताने फिरवायची झडप, किंवा वजनावर झुलणारी, स्वतःहून उघडझाप करणारी झडप. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. सध्या एकच ठेवली आहे.

आधी एक गोष्ट उरकून घ्या. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदला. राखेच्या खणाचं दारही असंच तपासा. फटीतून हवा शिरत असेल तर धुराड्याला बोल लावण्यात अर्थ नाही, आणि कुठलीच झडप मग पुरी पडणार नाही.

दोरी ठीक असेल तर मात्र दोष बहुधा धुराड्याच्या उंचीचाच. ओढ म्हणजे गरम धूर वर चढताना मागून हवा खेचतो तो जोर, आणि तो पास्कल या दाबाच्या एककात मोजतात. बाहेर शून्य अंश आणि नळीत सरासरी २०० अंश असतील, तर घर्षण सोडून दर मीटरमागे साधारण ५ पास्कल ओढ तयार होते. बरेच स्टोव्ह १२ पास्कलच्या आसपास नीट जळावेत अशा बेताने बनवलेले असतात. आठ-नऊ मीटरचं धुराडं कडाक्याच्या थंडीत याच्या तिप्पट ओढतं. नव्या स्टोव्हमध्ये वरची, धूर जाळणारी हवा ज्या भोकांतून येते ती आपल्याला बंद करता येत नाहीत, त्यामुळे लिव्हर बंद केला तरी हवा बंद होत नाही. जाळ वाढला की नळी तापते, नळी तापली की ओढ वाढते, ओढ वाढली की आणखी हवा येते. हे चक्र मध्येच कुठेतरी तोडायचं असतं. ती भोकं पट्टी लावून बुजवण्याचा सल्ला काही जण देतात. माझ्या मते तो न ऐकलेला बरा. काच काळी होते, धूर न जळताच वर जातो.

हाताची झडप ओढीचा मार्गच अरुंद करते. नळीत आडवी फिरणारी एक तबकडी आणि बाहेर मूठ, एवढंच. तबकडीला भोकं असतात किंवा कडेने जागा सोडलेली असते, म्हणून पूर्ण फिरवली तरी नळी कोंडत नाही. तिचा परिणाम आकड्याआधी काचेतून दिसतो. उघडी असताना ज्वाला सरळ ताठ उभ्या राहून आतल्या छताला वळसा घालून नळीकडे पळत असतात. मूठ फिरवली की त्या मंदावतात, छताखाली रेंगाळतात, टोकं आळसावल्यासारखी हलतात. नळीतली घरघर आधी थांबते आणि पत्र्यावरचा काटा बऱ्याच वेळाने खाली येतो. माझ्याकडे तो ३५० च्या वरून २८०-२९० ला येऊन तिथेच टिकतो. तेवढीच लाकडं जास्त वेळ पुरतात असंही वाटतं, पण ते मी तोलून पाहिलेलं नाही.

तिचा जाच म्हणजे लक्ष ठेवावं लागतं. पेटवताना उघडी, जाळ धरल्यावर फिरवायची, दार उघडण्याआधी पुन्हा उघडायची आणि क्षणभर थांबायचं. नाहीतर धूर थेट तोंडावर. शेवटी नुसते निखारे राहिले की ती आवळून ठेवू नये. तेव्हा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतच असतो आणि ओढ कमी झालेली असते. खोलीत त्याचा अलार्म हवाच, झडप कुठलीही असो. घरात स्टोव्हला हात लावणारी चार माणसं असतील तर चौघांनाही हे शिकवावं लागतं.

आपोआप चालणारी झडप हा सगळा व्याप वाचवते, हे मान्य करायला हवं. नळीच्या बाजूला इंग्रजी T च्या आकाराचा जोड बसवून त्यात झुलती पाकळी टांगलेली असते. वजनाचा स्क्रू फिरवून मर्यादा ठरवायची. ओढ त्यापुढे गेली की पाकळी आत झुलते, खोलीतली हवा थेट नळीत शिरते आणि स्टोव्हवरचा ताण उतरतो. वाऱ्याचा झोत आला तर ती तेवढ्यापुरती उघडते आणि पुन्हा मिटते. हाताच्या झडपेला हे कधीच जमणार नाही, कारण झोत येऊन गेल्यावर आपल्याला कळतं. कोळशाच्या स्टोव्हवर या झडपा सर्रास असतात आणि तिथे त्या शोभतात.

लाकडाच्या बाबतीत मात्र गणित बदलतं. तापवलेली खोलीतली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला बाहेरची गार हवा फटींतून येते. शिवाय खोलीतली हवा धुराच्या मानाने थंडच, ती धुरात मिसळली की धूर निवतो, आणि नळीच्या आतला पृष्ठभाग साधारण १२० अंशांच्या खाली गेला की क्रिओसोट, म्हणजे न जळलेल्या धुराचा डांबरासारखा, पेट घेणारा थर, साचायला लागतं. त्यातून कधी धुराड्यातच आग लागली, तर ओढ प्रचंड वाढते, पाकळी सताड उघडते आणि त्या आगीला हवा पुरवत बसते. हाताची झडप निदान आवळता तरी येते. अनेक उत्पादक लाकडाच्या स्टोव्हवर झुलती झडप लावायला पुस्तिकेत साफ मनाई करतात, ती याचसाठी.

माझा निर्णय यावरून झाला असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं कारण आवाज. वारा एका लयीत वाहत असेल तर पाकळी एका जागी तरंगत राहते, काही ऐकू येत नाही. पण झोतांच्या रात्री ती कुठेच ठरत नाही. टक्. मग बराच वेळ शांतता. मग टक्-टक्, आणि एक लांब खरखर. ठेका असता तर कान सरावले असते. इथे पुढचा ठोका कधी येणार याची वाट पाहत माणूस जागा राहतो. स्क्रू आवळला की ती गप्प होते, पण मग ओढ वाढली तरी उघडत नाही, म्हणजे लावून न लावल्यासारखीच. सैल केला की साध्या झुळुकीलाही बडबडते. मॅनोमीटर, म्हणजे ओढ मोजायचं यंत्र, लावून मर्यादा नेमकी बसवली असती तर आवाज कमी झाला असता कदाचित. तशी ती बसवायलाही हवी. पण ज्या झडपेचा गुणच मुळी हलण्यात आहे, तिला गप्प बसवणार कसं, हा प्रश्न उरतोच. शिवाय बिजागरीत काजळी धरली की ती अर्धवट अडकते, हे वेगळंच.

तुमचा स्टोव्ह तळघरात असेल, झोपायची खोली दूर असेल, वारा सतत दिशा बदलणारा असेल आणि उत्पादकाची परवानगी असेल, तर झुलती झडप घ्यायला हरकत नाही. स्टोव्हजवळ बसणारं कुणीच नसेल तर कदाचित तीच बरी. पण जो माणूस तसाही स्टोव्हपाशी बसतो, स्वतः लाकूड घालतो, त्याला मूठ फिरवण्याचं ओझं वाटणार नाही असं मला वाटतं. मोठ्या फोडी, कमी फोडी आणि वेळेवर फिरवलेली मूठ यांवर माझं बहुतेक सगळं भागतं.

झडप बसवताना ती स्टोव्हच्या वर हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर घ्या, म्हणजे दार उघडताना दुसरा हात मुठीवर जातो. मुठीची दिशा तबकडीच्या दिशेशी जुळते ना, हे नळी जोडण्याआधी पाहून घ्या. एकदा नळी बसली की आतली तबकडी दिसत नाही आणि मूठ सांगेल तेच खरं मानावं लागतं.