फिटनेस घड्याळातल्या कॅलरी : दिवाळी ते चवथ वापरल्यावर

गेल्या दिवाळीत घेतलेलं फिटनेस घड्याळ आता चवथ तोंडावर आली तरी रोज माझ्या हातात आहे. मे महिन्यातला घाम आणि जून-जुलैचा पाऊस दोन्ही त्याने पाहिले. बॅटरी टिकते, भिजून काही बिघडलं नाही, उन्हात आकडे वाचता येतात. यंत्र म्हणून तक्रार नाही. लिहायचंय ते कॅलरीच्या आकड्याबद्दल, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी त्यावरून जेवणाचा हिशेब करतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतं. नाडीचे ठोके, हाताची हालचाल आणि आपण भरलेलं वय-वजन-उंची एवढंच त्याच्याजवळ असतं. नीट मोजायचं तर तोंडावर मास्क लावून शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते पाहावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ६० जणांच्या हातात सात वेगवेगळी घड्याळं देऊन अशीच पडताळणी केली. सातपैकी सहा घड्याळांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं निघालेलं घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यांत वाईट तर ९३ टक्क्यांनी.

आपल्या गोव्याच्या हवेत यात आणखी भर पडते. माझा ठरलेला रस्ता मिरामार ते दोना पावला आणि परत. जानेवारीत पहाटे वारा गार असतो, तेव्हा घड्याळ या फेरीला २४०च्या आसपास दाखवायचं. मे महिन्यात त्याच रस्त्याला, उलट थोड्या संथ चालीला, ३०० पार. अंतर तेच, पाय तेच. फरक होता नाडीत. उकाड्यात अंग गार ठेवायला शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे एका ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं आणि ती तूट भरायला ठोके वाढवतं. दमट हवेत घाम वाळतही नाही, नुसता ओघळतो, म्हणून हे अधिकच होतं. स्नायूंना लागणारा ऑक्सिजन मात्र जवळपास तेवढाच असतो. घड्याळाला वाढलेली नाडी तेवढी दिसते आणि ते कॅलरी वाढवून सांगतं. मे महिन्यात ‘आज जास्त जळालं’ असं वाटून कोणी पानात जास्तीचं वाढून घेतलं, तर त्या वाढीव कॅलरी खऱ्या नव्हेत.

पट्टा कसा बांधता यावरही पुष्कळ आहे. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचं कमी-जास्त होणं पाहतो. बांगड्या असल्या की त्या घड्याळाला खाली ढकलतात, ते मनगटाच्या हाडावर येऊन डुलतं आणि दिवा अधांतरी राहतो. मी आता त्या हातात बांगड्या घालत नाही. हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण रुतणार नाही असा पट्टा बांधते. भाचा धावतो, त्याचा छातीला बांधून नाडी मोजायचा पट्टा मागून घेतला आणि दोन्ही एकदमच लावून पाहिले. सपाट रस्त्यावर दोन्हींत दोन-चार ठोक्यांचाच फरक. पणजीच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना छातीचा पट्टा लगेच वर गेला, घड्याळ मागाहून पोचलं. डंबेल उचलताना मनगट वळतं, तिथे घड्याळाने नाडी बरीच कमी दाखवली.

पावसात बाहेरचं चालणं सुटलं म्हणून जिम लावली. तिथली ट्रेडमिल वजन विचारतच नाही. मी ६२ किलोची, आमचे हे ८२ किलोचे. ताशी ६ किलोमीटरने अर्धा तास चाललो की दोघांनाही १६०च्या आसपास तोच आकडा. सपाट चालण्याचं एक रूढ सूत्र आहे : मिनिटाला जितके मीटर चालतो त्याचा दहावा भाग, अधिक ३.५, इतके मिलिलिटर ऑक्सिजन दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागतात, आणि एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी. त्या हिशेबाने माझे अर्ध्या तासाचे १२६ होतात, यांचे १६६. म्हणजे यंत्राचा आकडा यांना बराच जवळचा, मला मात्र फुगवलेला. चढ लावून पुढची दांडी धरून चाललं तर तोही आकडा खोटा, कारण अंगाचा भार हातांनी पेललेला असतो आणि यंत्राला ते कळत नाही. शेजारच्या रोइंग म्हणजे वल्हवण्याच्या यंत्रांपैकी ‘कन्सेप्टटू’ कंपनीचं यंत्र तर कॅलरी दाखवताना माणूस सुमारे ७९ किलोचा धरतं. वजनानुसार दुरुस्ती आपली आपण करायची.

ज्या सूत्राने १२६ आले त्यातलं ३.५ हे नुसतं बसून राहिलं तरी लागणारं आहे. ते वजा केलं की चालण्यामुळे म्हणून जळालेल्या उरतात ९३. आमटीत पडणाऱ्या एका मोठ्या चमचाभर खोबरेल तेलात साधारण १२० असतात. हा हिशेब समजल्यापासून मी व्यायामाच्या बदल्यात खाणं हा विचारच सोडून दिला. अॅपमध्ये ‘सक्रिय’ आणि ‘एकूण’ असे दोन आकडे असतात. रात्री दिसणारा माझा १८००-१९०० हा एकूण. त्यातले १२००च्या वर तर श्वास, हृदय, मेंदू चालण्यातच जातात, दिवसभर अंथरुणात पडून राहिले असते तरी गेलेच असते.

जिममधल्या यंत्रांत मला जरा भरवशाची वाटते ती वॅट मोजणारी सायकल. तिथे नाडीवरून तर्क नाही, पेडलवर पडलेलं काम मोजलं जातं. शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातला जेमतेम पाव हिस्साच पेडलवर पोचतो आणि एक कॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, हे दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून जेवढे किलोज्यूल तेवढ्याच साधारण कॅलरी. ७० वॅटने अर्धा तास म्हणजे १२६ किलोज्यूल, कॅलरीही तितक्याच धराव्यात.

घड्याळ मी ठेवणार आहे. मुख्य स्क्रीनवरून कॅलरी काढून तिथे नाडी आणि अंतर लावलंय. त्याच रस्त्याला, त्याच ऋतूत, त्याच चालीला नाडी हळूहळू कमी होत गेली तर दमसास वाढतोय हे नक्की कळतं, आणि माझी होतेय. घेणार असाल तर आधी पाहा : अॅपमध्ये सक्रिय आणि एकूण कॅलरी वेगळ्या दिसतात का, छातीचा पट्टा जोडता येतो का, वजन बदललं की भरायला सोपं आहे का. आणि आपलं खरं वजन भरा, गेल्या वर्षीचं नव्हे.