हेडलाइटमध्ये पाणी: वाळवायचं की काच उघडून सील करायचं?

पावसात हेडलाइटच्या काचेला आतून धुकं धरलं आणि दिवे लावल्यावर ते विरलं, तर काहीच करू नका. हवा खेळायला दिव्याला मुद्दाम छिद्रं ठेवलेली असतात. एलईडीची काच फारशी तापत नाही, तिथे वेळ जास्त लागतो. थेंब ओघळू लागले किंवा तळाशी पाणी साचलं, की मात्र मनावर घ्यावं.

वाळवणं स्वस्तातलं काम. बल्बमागचं झाकण काढून गाडी उन्हात लावायची, नाहीतर हेअर ड्रायरची कोमट हवा द्यायची. त्याच वेळी झाकणाची रबरी कडा बोटाने चाचपून पाहा. बल्ब बदलताना ती दुमडली जाते आणि बरेचदा दुखणं तेवढंच निघतं.

काच उघडणं हे वेगळंच प्रकरण. बहुतेक गाड्यांत आधी बंपर उतरवा, मग दिवा तापवून काच सोडवा, जुनं ब्यूटाइल (काच चिकटवणारा रबरी लगदा) खरवडा, नवं भरा. शिवाय ही ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक, गरम हवेची हीट गन एका जागी धरली की काच वाकलीच. वाळवूनही पाणी परत आलं, तरच या वाटेला जावं, तेही वॉरंटी संपली असेल तर. बाहेरून सिलिकॉन फासायचा सल्ला मिळेल. ओल आत असताना तो लावला की ती आतच कोंडते.