दुकानाच्या वायफायवर दाखवलेला फोन

मुलाला औंधच्या आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा त्याला फोन घ्यायचं ठरलं. नवा परवडत नव्हता. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला एका दुकानात जुना फोन ८,२०० रुपयांना मिळाला. दुकानदाराने व्हिडिओ लावून दाखवला, सगळं झटपट चालत होतं. ते त्याच्या वायफायवर चाललंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझं सिम घालून बघू म्हटलं तर म्हणाला, "ताई, ट्रेची पिन आत्ता सापडत नाहीये, घरी घाला." तिथेच मी उठायला हवं होतं.

कात्रजला घरी येऊन जिओचं सिम घातलं, तर नेटवर्कच येईना. एअरटेलचं घातल्यावर कॉल लागायचा, पण नेटच्या जागी नुसता 'ई', म्हणजे जुनं, संथ टूजी. शिवाय फोन सुरू करताना दर वेळी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अनलॉक असल्याचा इशारा यायचा. दुकानदार म्हणाला, "ते सगळ्याच फोनला येतं." मुळीच येत नाही. कंपनीने घातलेलं कुलूप कुणीतरी उघडलेलं असतं, तेव्हा तो येतो.

पुढचे पंधरा दिवस सेटिंगमध्ये गेले. एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या नेटला जोडणारी सेटिंग, पुसून 'जिओनेट' नव्याने टाकलं, नेटवर्कचा प्रकार फोरजी केला, नेटवर्क सेटिंग रीसेट केली, एअरप्लेन मोड तर किती वेळा चालू-बंद केला असेल. दुकानदार दर वेळी गोड बोलून नवीन काहीतरी करायला सांगायचा. बसने तीन फेऱ्या मारल्या. "फोनला काही नाही ताई, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे." तोवर त्याची सात दिवसांची वॉरंटी संपून गेली होती. मला सेटिंगमध्ये गुंतवून ठेवलं ते त्यासाठीच, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

शेवटी धनकवडीत मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका मुलाने फोन उघडून पाहिला. दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचं सॉफ्टवेअर यात भरलं होतं. त्यातला मोडेमचा, म्हणजे नेटवर्क पकडणारा भाग या फोनशी जुळत नव्हता, म्हणून तो टूजीच्या पुढे जातच नव्हता. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे ते सिम मुकंच राहिलं. "काकू, फोरजी पकडतच नाही, तर एपीएन बदलून काय होणार?" असं तो म्हणाला, तेव्हा माझे पंधरा दिवस डोळ्यांसमोर आले.

मग त्याने *#०६# दाबलं. आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, खोक्यावरच्या नंबरशी जुळेना. 'केवायएम' आणि पुढे तो नंबर इंग्रजीत लिहून, फोन कुठल्या कंपनीचा ते सांगणाऱ्या सरकारी १४४२२ वर एसएमएस केला, तर उत्तरात भलत्याच कंपनीचं मॉडेल आलं. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे, पण माझ्या पोराच्या खिशात चोरीचा फोन असेल की काय, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही.

जुना फोन घ्यायला जाणार असाल तर आपलं सिम आणि ट्रेची पिन सोबत न्या. वायफाय बंद करायला लावा, नेट चालवून बघा, दुकानातच १४४२२ वर एसएमएस करा आणि बिलावर आयएमईआय लिहून घ्या. माझ्याकडे नुसती चिठ्ठी होती, तारीख आणि रक्कम लिहिलेली. पोलीस चौकीत पहिला प्रश्न त्यावरच आला. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, फोन तिथेच जमा केला.