धामण की नाग? साप ओळखताना रंगावर जाऊ नका

साप दिसला की माणूस आधी रंग सांगतो. काळा होता, पिवळा होता, मातकट होता. धामणीच्या बाबतीत या माहितीचा काडीचा उपयोग नाही. धामण पिवळसर असते, हिरवट असते, तपकिरी असते, करडी आणि पार काळपटही असते. नागही गव्हाळ, तपकिरी, काळा अशा अनेक रंगांत सापडतो. या घोटाळ्यात दरवर्षी कितीतरी धामणी काठीखाली जातात. उंदीर खाऊन शेत राखणारा बिनविषारी साप हकनाक मरतो, याचं फार वाईट वाटतं. म्हणून आधी आपल्याकडची ही जोडी नीट पाहू.

फणा काढलेला नाग ओळखायला कुणाचीच मदत लागत नाही. चूक होते ती गवतातून निघालेल्या नागाबाबत, कारण चालताना त्याचा फणा मिटलेला असतो. अशा वेळी तोंडाची बाजू पाहा. धामणीच्या ओठांवरच्या खवल्यांमध्ये काळ्या उभ्या रेषा असतात, शाईने आखल्यासारख्या ठळक. नागाच्या ओठांवर अशी आखणी नसते. धामणीचा डोळा चांगला मोठा, मान डोक्यापेक्षा बारीक. नागाचं डोकं आणि मान जवळजवळ एकाच जाडीचे वाटतात. तोंड दिसलंच नाही तर मागची बाजू पाहा: धामणीच्या अंगाच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर काळे, वेडेवाकडे आडवे पट्टे असतात आणि शेपटी लांब, निमुळती होत जाते. नागाची शेपटी त्या मानाने आखूड.

लांबीही बरंच सांगते. नाग साधारण मीटर-दीड मीटरचा, तर दोन मीटरची धामण ही नवलाची गोष्ट नाही. फक्त गोव्याकडच्या जंगलात मोठा साप दिसला तर नागराजाचाही (किंग कोब्रा) विचार करावा लागतो. त्याच्या अंगावर फिकट आडवे पट्टे असतात आणि धामण हे त्याचं आवडतं खाद्य आहे.

अडचणीत सापडलेली धामण गळा फुगवते आणि घुमल्यासारखा आवाज काढते, तेव्हा पाहणारा 'फणा काढला' म्हणतो. पण नाग बरगड्या पसरून मान आडवी रुंद करतो. धामणीची मान बाजूंनी चपटी होते आणि गळा खाली फुगतो. समोरून पाहिलं तर हा फरक चटकन कळतो. 'नाग-धामणीचं जुगणं' म्हणून लोक जे पाहायला गर्दी करतात, ते बहुतेकदा दोन नर धामणींचं झुंजणं असतं. धामण ही नागाची मादी नव्हे. धामणींत नर-मादी दोन्ही असतात, नागांतही.

घरात नुसती कात सापडली तरी निर्णय करता येतो. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा मोजा. धामणीत १६ किंवा १७ भरतात, नागात बहुधा २१ ते २५. डोक्याची कात शाबूत असेल तर आणखी सोपं. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असतो, तो मागे डोळ्याला आणि पुढे नाकपुडीच्या खवल्याला टेकतो.

धामणीशी तुलना करायला आणखी एक साप आपल्याकडे आहे, तो म्हणजे तस्कर. तपकिरी अंग, पुढच्या भागावर चौकड्यांसारखी नक्षी आणि मागे शेपटीपर्यंत गेलेले दोन गडद पट्टे. धामणीचे पट्टे आडवे, तस्कराचे लांबीच्या दिशेने, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तस्करही बिनविषारीच.

धामणीला इंग्रजीत 'रॅट स्नेक' म्हणतात. पण भारताबाहेर हे नाव बऱ्याच वेगवेगळ्या सापांना मिळालं आहे आणि त्यांतले अनेक धामणीचे जवळचे नातलगही नाहीत. अमेरिकेतले पँथेरोफिस गटातले रॅट स्नेक भक्ष्याला विळखा घालून मारतात. धामण तसं करत नाही, ती भक्ष्य अंगाखाली दाबून धरते आणि बरेचदा जिवंतच गिळते.

न्यू जर्सीपासून जॉर्जियापर्यंत राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात काळा साप दिसला, तर तो ब्लॅक रॅट स्नेक की ब्लॅक रेसर हा प्रश्न येतो. रॅट स्नेकच्या पाठीवरच्या खवल्यांच्या मधोमध बारीक उंचवट्याची रेघ असते, पोट सपाट, आणि अंगाचा छेद पावाच्या लादीसारखा. रेसर गुळगुळीत, सडपातळ, आणि चाहूल लागताच पसार होणारा. रॅट स्नेक अनेकदा जागीच वेडावाकडा होऊन थिजतो. दोघेही बिनविषारी, त्यामुळे इथे चुकलं तरी बिघडत नाही.

तिथलाच आणखी एक बिनविषारी रॅट स्नेक म्हणजे कॉर्न स्नेक; तो आणि विषारी कॉपरहेड यांच्यात मात्र चुकू नये. कॉर्न स्नेकच्या पाठीवर काळ्या कडांचे लालसर ठिपके असतात, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि डोळ्याची बाहुली गोल. कॉपरहेडचे पट्टे पाठीवर अरुंद आणि कुशीकडे रुंद होतात, बाहुली उभी असते. पण बाहुली दिसेल इतकं जवळ जाऊन खात्री करायची नाही. पट्ट्यांचा आकार लांबूनही दिसतो.

जपानमधला रॅट स्नेक, आओदाइशो, मोठा झाला की हिरवट, साधा दिसतो. त्याची पिल्लं ठिपकेदार असतात आणि तिथल्या विषारी मामुशीशी त्यांची गल्लत होते. युरोपातला एस्क्युलेपियन साप चकचकीत तपकिरी असतो, आणि त्याच्या पिल्लांच्या मानेवरच्या पिवळ्या डागांमुळे ती ग्रास स्नेक या तिथल्याच दुसऱ्या सापासारखी वाटतात. पिल्लू समोर असेल, तर मोठ्या सापाच्या खुणा त्याला लावू नका.

ओळख पटवण्यासाठी फोटो काढायचा तर लांबून, झूम करून, आणि तोंडाची बाजू, अंगाचा मध्य, शेपटी असे तीन. साप चावला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष दिलं जातं आणि डॉक्टर लक्षणं पाहून, रक्त गोठतंय का हे तपासून ते द्यायचं की नाही हे ठरवतात. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.