ऑक्टेविया आरएस १.८ टर्बो: नव्याने बांधलेलं इंजिन सोलापूरच्या उन्हात कसं टिकलं

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बसवलेलं इंजिन आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झालं आहे. गाडी जुनी स्कोडा ऑक्टेविया आरएस, मूळची १५० अश्वशक्तीची. १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६.४ मिमी. मत आधीच सांगून टाकतो: फोर्ज्ड (घडीव) पिस्टन-रॉडची जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही तेल आणि उष्णतेची होत नाही. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत टर्बो इंजिन निकामी होतं ते मात्र बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळेच.

खालच्या भागाचं थोडक्यात. बोअर ८१.५ मिमी केला. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. पहिल्या रिंगचा गॅप ०.४० मिमी, दुसरीचा ०.४५. गॅप कमी पडला तर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात, पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधली कडा) तुटते आणि दोष विनाकारण ट्यूनिंगवर जातो. बिग-एंड बेअरिंगला (रॉड क्रँकला जोडला जातो तिथलं) ०.०५ मिमी क्लिअरन्स ठेवला. हेडचे बोल्ट नवेच घ्या. ते ताणून बसवायचे असतात, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसाच धरेल याचा भरवसा नाही.

आता तेल. या इंजिनाचं जुनं दुखणं म्हणजे संपमधल्या (इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यातल्या) स्ट्रेनरची जाळी काळ्या गाळाने बुजणं. संप काढल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून जुनी गाडी घेतली की पहिलं काम संप उतरवणं. टर्बोला तेल नेणारी नळी एक्झॉस्टच्या अगदी जवळून जाते. तापलेली गाडी लगेच बंद केली की नळीतलं तेल जळून कोळसा होतो आणि पुढे टर्बोचं बेअरिंग उपाशी राहतं. नळी नवीन घालून तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. तुळजापूरचा घाट चढून आलं की दोन मिनिटं गाडी आयडलवर ठेवायची, मगच चावी फिरवायची. पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० तेल दर ५००० किमीला बदललं जातं. तेल गरम असताना २००० आरपीएमला दाब २ बारच्या खाली गेला तर गाडी उभी करा, गेज खोटं बोलतंय असं धरून चालू नका.

कूलिंगमध्ये दोन गोष्टींवर तडजोड नको. पहिली, वॉटर पंप धातूच्या पात्यांचाच हवा. प्लॅस्टिकची पाती तुटतात किंवा शाफ्टवर नुसती फिरतात. टायमिंग बेल्ट बदलतानाच पंप आणि टेन्शनर उरकून घ्या. दुसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. ‘गरम होतेय ना, काढून टाका’ हा सल्ला इथे सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन तापायला वेळ लागतो, इसीयू (इंजिनचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. ८७ अंशांना उघडणारा मूळ थर्मोस्टॅटच ठेवा. कूलंटमध्ये बोअरवेलचं जड पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड वॉटरच.

टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा मूळ इंटरकूलर चाकाच्या कमानीत, लहानसा. उन्हाळ्यात दोन जोरदार ओढींतच तो तापून निरुपयोगी होतो. पुढे मोठा बसवल्यावर टेंभुर्णीपर्यंतच्या सलग पळतीत फरक स्पष्ट जाणवला: इग्निशन मागे जाणं (नॉक टाळायला इसीयूने ठिणगी उशिरा देणं) कमी झालं, ओढ शेवटपर्यंत टिकली. त्याची किंमतही आहे. रेडिएटरची हवा अडते. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या गर्दीत, मे महिन्यात, एसी चालू ठेवला की काटा वर सरकायचा. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद केल्या, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच जाते. त्यानंतर काटा स्थिर झाला.

बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) ०.९ बार, आणि तोही ३००० आरपीएमच्या खाली मुद्दाम कमी. मूळ रॉड वाकतात ते खालच्या आरपीएमला अचानक येणाऱ्या टॉर्कने, वरच्या अश्वशक्तीने नव्हे. रॉड बदलले असले तरी ही शिस्त सोडू नये. प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप ०.७ मिमी.

ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलबद्दल खूप विचारणा होते. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणून ट्यूनिंग करताना हा आकडा न पाहता लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण) पाहा. पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८२. स्कॅनरमध्ये ०३२ गटात इसीयू किती इंधन वाढवतोय ते दिसतं, ०२० गटात प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन नॉकमुळे (इंधन अवेळी भडकल्यामुळे) किती मागे गेलंय ते. दोन-तीन अंश चालतात. सहाच्या पुढे गेलं तर बूस्ट उतरवा. आणि जुने रबरी इंधन पाइप गळायची वाट न बघता बदला.

धूर दिसला की टर्बो गेला असं लगेच समजू नका. इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदर पाइप तडकतात, चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) अडकतो, क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि टर्बोतून परतणारं तेल अडून सीलमधून बाहेर पडतं. आधी ते पाहा. गळती शोधायला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने इनटेकमध्ये १ बार हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं तरी पुरतं.

उरलेली तक्रार क्लचची. मूळ क्लच या टॉर्कला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घसरू लागला आहे. इंजिन खाली उतरवलेलं असतानाच तो बदलून घेणं स्वस्त पडतं, कारण नंतर त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.