बिनवासाचं निंबोळी तेल, ५,५७० रुपये

बत्तीस वर्षं बँकेत काढली. खोटी नोट नुसत्या बोटांना कळायची. त्याच बोटांनी मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका पोराला ५,५७० रुपये पाठवले, आणि बदल्यात घेतलं काय, तर भांडी घासायचा साबण. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. मुलाला वाटतंय दोन हजार गेले.

गच्चीत माझ्या चाळीसेक कुंड्या आहेत. उन्हाळा उतरताना मिलीबग, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, दरवर्षी येतो, पण यंदा जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस चिकटवल्यासारखा थर आणि खालची पानं चिकट, काजळी धरलेली. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळत होत्या. गणपतीचं लाल फूल मला विकत आणावं लागत होतं. नेमका तेव्हाच हा सोसायटीच्या गेटवर 'बागेचे डॉक्टर' असं पत्रक वाटत उभा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. "काकू, काय हात आहे तुमचा झाडांना!" मग मोबाइलला लावायचं भिंग, त्यातून दाखवलेले किळसवाणे किडे, आणि "आठ दिवसांत सगळी बाग जाईल" ही भीती.

तपासणीचे १५०. औषध एक लिटर, १,१८०, 'जीएसटी धरून'. सहा फवारण्यांचं पॅकेज ३,६००, सगळे आगाऊ. दुसऱ्या फेरीला "कीड मुळात उतरलीय" म्हणून दोन किलो राखाडी पावडर, ६४०. तिसरी फेरी झालीच नाही.

जीएसटी धरून, आणि बिल नाही! बँकेतली बाई ना मी? क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. "भावाचं दुकान आहे, काकू." बरं, असेल. (नाव वेगळं आलं की तिथेच थांबा. भाऊ नसतो.)

पण ते सगळं एक वेळ सोडा, मला झोपू देत नाही तो वास. त्याने झाकण उघडून बाटली माझ्या नाकाशी धरली. निंबोळी तेलाचा वास काय सांगायला लागतो? आजी आमच्या डोक्यात उवांसाठी चोळायची, दोन दिवस कोणी जवळ बसायचं नाही. आणि या बाटलीला वास लिंबाचा. गोड, स्वच्छ, लिंबाचा. मी थांबले. खरंच थांबले. म्हटलं, "अरे, याला कडू वास कसा नाही?" तो हसला. "हे बिनवासाचं, काकू. फ्लॅटवाल्यांसाठी खास."

आणि मला ते पटलं, कारण पटायला हवं होतं. सासूबाईंना दमा आहे. गेल्या वर्षी खरं निंबोळी मारलं तेव्हा त्या रात्रभर खोकल्या होत्या. बिनवासाचं मिळालं तर मला हवंच होतं, माझ्या जागी कोणीही घेतलं असतं. बाटलीवर लेबल नव्हतं, खरवडलेल्या लेबलाचा गोंद तेवढा होता. बोटांना लागतही होता. खोट्या नोटा ओळखणारी बोटं!

फवारणी केली सकाळी साडेअकराला, पुण्यात, मे महिन्यात. फवारा मारायचा तो ऊन उतरल्यावर, हे मला माहीत होतं. तरी मी सरबत करायला आत गेले. त्याच्यासाठी. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याची पानं कडेने करपली, कुंडीखाली कळ्यांचा सडा, आणि मिलीबग जागच्या जागी. दुसऱ्या फेरीला त्याने यालाच 'कीड मुळात उतरली' म्हटलं, आणि मी ६४० दिले. तो गेल्यावर मात्र उरलेलं औषध चमचाभर पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळलं. तेल असतं तर तवंग आला असता. फेस आला, काठावरून ओसंडेपर्यंत. त्याच पाण्याने चहाचं पातेलं घासून पाहिलं. लख्ख निघालं.

साबणाच्या पाण्याने थोडा मिलीबग मरतो, नाही असं नाही. पण तेवढा साबण माझ्या मोरीत होता.

फोन अर्थात बंद. चौकीत गेले तर हवालदार म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग चोरी कुठे झाली?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, माणूस प्रत्यक्ष भेटला म्हणजे ही ऑनलाइन फसवणूक नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीसाठी बिल आणि दुकानाचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच गेले नसते का? मग कृषी कार्यालय. दीड तास बाकावर. साहेब म्हणाले, आम्ही शेतकऱ्यांचं बघतो, कुंड्यांचं नाही. मी वाचून गेले होते. म्हटलं, १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, परवान्याशिवाय विकता येत नाही, बाटलीवर नोंदणी क्रमांक लागतो, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण लागतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण मॅडम, तुम्हीच म्हणता हा साबण आहे. मग हे कीटकनाशक कसं?"

यावर काय बोलणार?

शेवटी माझ्याच जुन्या शाखेत गेले. काउंटरवरचा नवा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, पिन तुम्हीच टाकला होता ना?" हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय, त्याची मोजदाद नाही.

जास्वंद आता मी निम्मी छाटलीय. छाटलेलं पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, खाचाखोचांत स्पिरिटचा बोळा. आणि आधी मुंग्या बघा. मिलीबगच्या गोड चिकटासाठी त्याच त्याला राखतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. 'डॉक्टर'ने मुंग्यांचं नावही काढलं नव्हतं. खरं निंबोळी लिटरला पाच मिली, साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी. सासूबाईंना तेव्हा धाकट्या जावेकडे पाठवते.

परवा शेजारणीने कुठूनतरी आलेली एक जाहिरात दाखवली. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. 'आधी'मधली जास्वंद माझी, कड फुटलेल्या निळ्या बादलीत लावलेली. 'नंतर'मधली कोणाची ते देव जाणे, चांगली डवरलेली होती. नंबर नवा आहे. ती निळी बादली दिसली तर फोन लावू नका.